मानेची नोकरी

"मऊ आहे," मानेवरची लोकरीची लडी काढून देत ती म्हणाली.

मालकिणीने चष्मा कपाळावर चढवला, लडी उलटीपालटी केली आणि आतून एक राठ केस उपसून तिच्या नाकासमोर धरला.

"हे मऊ? हे तान्ह्या पोराच्या कपाळाला लावायचं?"

बाळटोप्यांच्या या कारखान्यात प्रत्येक लडीची परीक्षा तिच्या मानेवर व्हायची. बोटांना जे लागत नसे ते तिच्या मानेला लागायचं. एखादा राठ केस दडलेला असला, की खाज सुटून लाल चट्टा उठलाच म्हणून समजा. बायका थट्टेने तिला मानकरीण म्हणत. पण हल्ली मानकरीणबाईंच्या मानेने मौन धरलं होतं आणि दुकानांतून टोप्यांचे गठ्ठे परत येत होते.

"इतके दिवस एक केस निसटला नाही. आता काय झालं ग?"

"झोप लागतेय, बाई," ती भाबडेपणाने म्हणाली. तिला वाटलं, बाईंनाही बरं वाटेल.

रंगारी नवरा परांचीवरून पडला तेव्हापासून रात्रभर कण्हायचा, आणि ती त्याची पाठ चोळत बसायची. जागरणाने सकाळी तिला अंगावरचे कपडेसुद्धा टोचायचे. मग नव्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. त्याला झोप लागू लागली, तसं त्याचं दुखणंही निम्म्यावर आलं. तीही झोपू लागली, आणि तिला काही टोचेनासं झालं.

मालकीण आधी खो खो हसली, मग हसायची थांबली.

"तुझी झोप तुला लखलाभ. या आठवड्यात बघते, नाहीतर दुसरी मान शोधते. आणि हो, जागत बस असं मी सांगितलेलं नाही हं."

घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तिने जागून पाहिलं. तोंडावर पाणी मारलं, घासलेली भांडी पुन्हा घासली. पण साचलेली झोप कुठली ऐकतेय! भिंतीला टेकली की डोळा लागायचा. शेजारी कण्हणारं माणूस असल्याशिवाय तिला जागणं जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर नवरा दाढी करून खिडकीशी उभा होता.

"कुणाचा हात न धरता आलो इथवर," तो म्हणाला. "असंच चाललं तर एखादं बसून करायचं काम बघतो."

"जेवून घ्या."

जेवण झाल्यावर त्याने सवयीने हात पुढे केला. तिने गोळ्यांची डबी फडताळात आणखी आत सरकवली आणि फडकं घेऊन ओटा पुसू लागली.

"डॉक्टरांना विचारून आले. म्हणाले, आता बंद करा. सवय लागते."

त्याचा हात तसाच राहिला.

"पण मग पाठ..."

"थोडी दुखेल."

तो आडवा झाला. डॉक्टरांवर त्याचा विश्वास होता, आणि तिच्यावर तर त्याहून जास्त.

आठवडा सरता सरता तिच्या मानेने तीन लड्या बाद केल्या. मालकिणीने प्रत्येक चट्टा बोट लावून पाहिला आणि दुसऱ्या मानेचा विषय पुन्हा काढला नाही.

ती घरी आली तेव्हा नवरा अंथरुणावर कुशीला वळून पडला होता. दाढी वाढली होती. चादरीची सुरकुती पाठीखाली आली तरी तो कळवळत होता. तिची मान पाहून मात्र तो कोपरावर उठला.

"माझ्यापायी तुझीही झोप गेली. ये, मलम लावतो."

त्याची बोटं मानेला लागली आणि आग आग झाली. तिने मान काढून घेतली.

"नको. उद्या लागणार आहे ती."

तो पुन्हा आडवा झाला. तिने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

"दुपारी डोळा लागला का जरा?"

"छे ग. क्षणभरसुद्धा नाही."

कुणीतरी विचारतंय, एवढ्यानेच त्याचे डोळे भरून आले.

"बरं," ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.