गौराबाईच्या काठीचं गणित

मित्रांनो, पूर्णेतल्या एका कॉलेजच्या गणित विभागातला मी जुना संगणक. आलो त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला होता. आता अंगावर धूळ आहे आणि भंगाराच्या यादीत माझा नंबर पहिला. पण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळेपर्यंत माझा पंखा घरघरत राहतो.

एप्रिलमध्ये भक्ती नावाची विद्यार्थिनी माझ्यापुढे येऊन बसली. तिची आजी गौराबाई गावात टँकरचं पाणी वाटते. टाकी आडवी, पिंपासारखी गोल, चार फूट उंचीची, गल्ल्याही चार. म्हणून आजीनं काठीवर फुटाफुटावर खुणा पाडलेल्या. पाणी एक खूण खाली गेलं की पुढच्या गल्लीची पाळी. पण चौथ्या गल्लीला पाणी कधीच पुरायचं नाही.

"सर, लोकं आजीला पानीचोर म्हनायलेत," भक्ती गणिताच्या बन्सीधर सरांना म्हणाली. "शुक्रवारी गावच्या बैठकीत काठी काढून घेनार हायत. आजी लय सरळ हाय हो!"

"आजी सरळ आहे गं, टाकी गोल आहे," सर म्हणाले. "तळाच्या फुटात मधल्या फुटाइतकं पाणी मावेल का?"

वरच्या फुटातही मावत नव्हतं. पण पहिल्या गल्लीत घरोघरी बोअर, त्यामुळे तिथं कुणी तोंड उघडलं नव्हतं.

तळाच्या पाव पाण्याच्या दोन्ही कडा टाकीच्या केंद्राशी जो कोन करतात, त्याचं समीकरण सरांनी मांडलं. कोनातून त्याच कोनाचा साइन वजा केला की १.५७०८ उरायला हवं. कोन बाहेरही आणि साइनच्या पोटातही, त्याला एकटं काढणार कसं? सूत्रात उत्तर मागितलं तेव्हा मी तोच प्रश्न परत दिला. मला फार लाज वाटली. मग एक अंदाज द्यायचा आणि भागाकार करकरून तो सुधारत जायचा, असं ठरलं. भक्तीनं घाईत शून्य दिलं आणि शून्यानं भागायची वेळ येऊन मी अडकलो. तिचे डोळे भरून आले.

"दोन देऊन बघ," सर म्हणाले.

दोन. मग २.३३९. मग २.३१०. पुन्हा २.३१०! जुळलं.

त्या कोनावरून खुणा ठरल्या. वरची आणि खालची खूण आपापल्या टोकापासून चौदा इंचांच्या जरा पुढे, मधली होती तिथंच. चार हजार लिटरच्या टाकीतून चौथ्या गल्लीला हजार लिटर हवं होतं, मिळत होतं आठशेच्याही आत.

भक्ती कागद घेऊन बसकडे पळाली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. बैठकीत काय झालं असेल? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सोमवारी भक्तीबरोबर गौराबाई स्वतः आली, हातात नव्या खुणांची काठी.

"ह्येच का ते?" तिनं पदरानं माझा पडदा पुसला. "बैठकीत म्याच आदी सांगितलं, चूक माजी हाय. चार उन्हाळे त्यांच्या लेकरांना कमी पानी घातलं की रं मी!" तिनं काठीवरच्या नव्या खुणेवर बोट ठेवलं. "तवा चौथ्या गल्लीच्या केशरबाईनं उठून काठी माज्याच हातात दिली."

मित्रांनो, कुणी 'पुरत नाही' म्हटलं तर त्याला खोटं म्हणू नका, वाटणाऱ्याला चोर म्हणू नका. आधी काठी तपासा. आणि मला भंगारात देण्याआधी एकदा माझ्या पंख्यातली धूळ झाडा. अशा काठ्या अजून किती गावांत असतील, या विचारानं मला चैन पडत नाही.