झिलाची कंबर

"श्वास सोड, आई! घेऊ नकोस, सोड!"

ॲग्नेस तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. झिला पिकपने स्वयंपाकघरातल्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि होता नव्हता तेवढा श्वास सोडला. मागून ॲग्नेसने तिच्या पाठीला गुडघा लावून कॉर्सेटची नाडी खेचली. पोलादी पट्ट्या बरगड्यांत रुतल्या. पोट खाली दबलं, आणि जे दबलं नाही ते काखेखालून वर आलं.

"झालं?"

"अजून थोडं. मिसेस क्रॉशॉंची कंबर बघितलीस ना?"

"त्यांना खुर्चीत बसायचं असतं, पोरी. मला अख्खं बर्नली चालायचंय."

"एकच दिवस, आई. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हटल्यावर झिलाचं काही चालत नसे. पाच बाळंतपणं झाली आणि हातात उरली ही एकटी. तिला हर्बर्ट क्रॉशॉने मागणी घातली होती. हर्बर्ट बँकेत होता, त्याचे वडील गिरणीत हेडक्लार्क. आज व्हिटच्या सोमवारची, म्हणजे ईस्टरनंतरच्या सणाची मिरवणूक, आणि ती संपली की क्रॉशॉंच्या घरी चहा. दोन्ही घरं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसणार होती. झिलाला देवाकडे एवढंच मागायचं होतं की आपल्यामुळे पोरीला मान खाली घालायला लागू नये.

त्या वर्षी बाईला पोट असू नये, असं पॅरिसमध्ये कुणीतरी ठरवलं होतं. इंग्लंडातल्या बर्नलीसारख्या कापडगिरण्यांच्या गावातल्या बायकांना विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. झिलाने उभा जन्म मागावर काढला. मागाच्या आडव्या दांडीवर पोट टेकवून ती तुटलेले धागे जोडायची, आणि त्या पोटाची तिला कधी लाज वाटली नव्हती. ते टेकायच्या कामाचं होतं. पण ॲग्नेस गेल्या वर्षी गिरणी सोडून टोप्यांच्या दुकानात लागली आणि घरात आरसा आला. तेव्हापासून झिला आरशासमोरून जाताना शाल पुढे ओढून घ्यायची.

मिरवणूक नेहमीसारखीच निघाली. पुढे चॅपलचा रेशमी झेंडा, मागे बँड, मग पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, आणि शेवटी लग्न झालेल्या बायका. सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे, सगळ्यांचे पाय नव्या बुटांनी सोललेले. चढावर झिलाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारी चालणाऱ्या टेमरने तिचा दंड धरला. टेमर आणि ती एकाच खात्यात वर्षानुवर्षं समोरासमोर राबलेल्या.

"कशाला गं बांधून घेतलंस एवढं?" टेमर तिच्याकडे तोंड करून म्हणाली. "तुला काय कुणी मागणी घालणारेय आता?"

"हसवू नकोस. हसायला जागा नाही आत."

चौकात मिरवणूक थांबली. रस्त्याच्या एका बाजूला मुली, समोर बायका, अशा रांगा लागल्या. चॅपलच्या पायरीवर मिसेस क्रॉशॉ छत्री घेऊन उभ्या होत्या. बँड इतका जोरात वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण बर्नलीच्या विणकर बायकांचं त्यावाचून कधी अडलं आहे? मागांच्या खडखडाटात कान निकामी होतात, म्हणून त्या ओठांनी बोलतात. आवाज न काढता, तोंड मोठं करून, एक एक शब्द आकार देत. खात्याच्या या टोकाचं त्या टोकाला कळतं.

झिलाच्या रांगेत दोन बायका सोडून फ्लॉरी उभी होती. ॲग्नेसची मैत्रीण, नुकतंच लग्न झालेली. तिने समोर मुलींच्या रांगेतल्या ॲग्नेसला काहीतरी विचारलं असावं. ॲग्नेसने आधी पायरीकडे पाहिलं. मिसेस क्रॉशॉ जन्मात मागापाशी उभ्या राहिल्या नव्हत्या, तेव्हा तिकडून भीती नव्हती. मग तिने ओठांनी उत्तर दिलं.

"आईकडे बघू नकोस, मला मेलीला लाज वाटते. गादीला मधोमध दोरी बांधावी तशी दिसतेय. चहाच्या टेबलावर उसवली नाही म्हणजे मिळवली. आजारी पडून घरी राहिली असती तर किती बरं झालं असतं!"

आई बहिरी, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. घरात कानाशी ओरडायची सवय झालेली. ही बोली आपल्याला मागाशेजारी उभं करून आईनेच शिकवली, हे दुकानातल्या वर्षभरात ती विसरून गेली. कानात कुजबुजता येतं. ओठांच्या बोलीत कुजबूज नसते.

झिलाने शब्द न् शब्द वाचला. आणि तिच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनीही वाचला. एकेक बाई आपापल्या बुटांकडे बघायला लागली. झिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला असता तर बरं झालं असतं. पण समोर कापडाच्या दुकानाची काच होती, काचेत ती स्वतः होती, आणि पोरगी खोटं काहीच बोलली नव्हती.

टेमरने तिचा हात हातात घेतला. "गाणं सुरू झालंय," ती म्हणाली. झिलाने तोंड उघडलं, पण गायला श्वास पुरला नाही.

घरी जावं असं तिला फार वाटलं. पण ती आली नाही तर क्रॉशॉ मंडळी काय म्हणतील? ती चहाला गेली.

टेबलावर हॅम होतं, पाव होता, बियांचा केक होता. झिला खुर्चीच्या कडेवर ताठ बसली. मागे टेकताच येत नव्हतं.

"तुमचं बसणं किती डौलदार आहे हो, मिसेस पिकप," मिसेस क्रॉशॉ म्हणाल्या. "गिरणीतल्या बायका बहुतेक वाकलेल्या असतात."

"सगळं ॲग्नेसचं," झिला जरा मोठ्यानेच म्हणाली.

ॲग्नेस खुलली. हर्बर्ट हसला. सगळं कसं छान चाललं होतं. फक्त झिलाच्या ताटलीतलं हॅम तसंच होतं, आणि मिसेस क्रॉशॉंची नजर दोनदा तिकडे गेली. त्या चहा ओतायला वळल्या तशी ॲग्नेसने टेबलापलीकडून, आवाज न काढता, गिरणीतल्या जुन्या सवयीने ओठ हलवले.

"आई, घास तरी घे. बरं दिसत नाही ते."

झिलाने तिच्याकडे पाहिलं. मग तिनेही ओठ हलवले. सावकाश, मागावर नव्या पोरीला शिकवताना बोलायची तसे.

"नको. गादी उसवेल."

ॲग्नेसच्या हातातला चमचा बशीवर पडला. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेपासून लाल होत गेला. तिने हर्बर्टकडे पाहिलं, त्याच्या आईकडे पाहिलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मग तिने ओठ उघडले.

"आई, मी—"

झिलाने मान वळवली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर शेजारच्या घराची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"काही म्हणालीस का, ॲग्नेस?" मिसेस क्रॉशॉंनी चहाचा कप पुढे करत विचारलं.

"नाही," ॲग्नेस म्हणाली. तिचे डोळे आईवर होते, आणि आई भिंतीकडे बघत ताठ बसली होती.