गजराबाईची फुई

गजराबाई कळसाडीची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि वर्षभरात ती नंदुरबारला उतरलेल्या एका नाटक कंपनीबरोबर निघून गेली. घरच्यांनी नाव टाकलं. सगळ्यांत कडक बोलली ती फुई, म्हणजे वडिलांची बहीण जसोदाबाई. "ती मरी गई आसं समजा," असं तिनं चारचौघांत सांगितलं.

कंपनीत गजराबाईला नायिका व्हायचं होतं. पण आवाज जाड, बांधा ठेंगणा. मालकानं खाष्ट सासूचं काम दिलं. तालमीत ते काही जमेना. शेवटी तिनं फुईची चाल उचलली. एक हात कमरेवर, मान पुढे, आणि कुणी समोर आलं की पाय आपटून थांबायचं. पहिल्याच खेळात लोक पोट धरून हसले. तीच चाल तिला पुढे अठरा वर्षं पुरली, आधी नाटकांत, मग पुण्याला बोलपटांत. नायिका व्हायचं राहून गेलं. त्याचं फारसं वाईट वाटेनासंही झालं.

एकोणचाळीस साली सारंगखेड्याच्या जत्रेत तिचा बोलपट तंबूत लागला. चौथ्या दिवशी तिच्या भावाचं, उखाचं, पुण्याला पत्र आलं. पडद्यावरच्या सासूच्या चालीत लोकांनी फुईला ओळखलं होतं आणि सगळं गाव हसत होतं. आता फुईला स्वतः तो बोलपट बघायचा होता, तोही गजरासोबत.

गजराबाई दोंडाईच्याला गाडीतून उतरली. तिथून उखाच्या बैलगाडीनं दोघं सारंगखेड्याला आली. वाटेत दोघं फक्त कापसाबद्दल बोलली.

तंबूत फुई आधीच येऊन बसली होती. तिनं शेजारी जागा धरली होती. पडद्यावर सासू आली तसे लोक हसत मागे वळून फुईकडे बघू लागले. फुई शेवटपर्यंत हलली नाही.

खेळ सुटल्यावर गजराबाईनं विचारलं, "फुई, तुले राग उना का?"

"राग कसाना? पन मी कमरवर डावा हात ठेवस. तुन्हा उजवा व्हता."

"बरं."

"आनि घर चाल. जेवन करेल शे."

गजराबाई कळसाडीला एक रात्र राहिली. जुना विषय कुणी काढला नाही.

पुढच्या बोलपटात तिनं डावा हात कमरेवर ठेवला. दिग्दर्शक म्हणाला, या बाजूनं हात दिसत नाही, उजवा ठेवा. ती ऐकेना. कॅमेरा पलीकडे न्यावा लागला, त्यात अर्धा दिवस गेला.

तो बोलपट फुईनं पाहिला नाही. त्या वर्षी जत्रेत तंबू आला नव्हता.