मागच्या दाराची कडी

रांझी वस्तीतलं आमचं घर माझ्या भावाच्या, रत्नाकरदादाच्या नावावर होतं. कारण अण्णांची भीती. ते लष्करी ट्रक बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत फिटर होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. स्वतःच्या नावावर घर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, असं कँटीनमध्ये कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऑफिसात विचारलं नाही. विचारलं तर कळेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ओळीतल्या पुष्कळांनी तेच केलं होतं: पैसा बापाचा, नाव पोराचं. दादा नुकताच सज्ञान झाला होता. विटा मात्र अण्णांनी सुटीच्या दिवशी स्वतः वाहिल्या.

पासष्टच्या उन्हाळ्यात अण्णा रिटायर झाले आणि आम्ही त्या घरात राहायला आलो. सप्टेंबरात लढाई सुरू झाली. दादाही फॅक्टरीतच होता. नव्या ट्रकांच्या ताफ्याबरोबर मेकॅनिक म्हणून त्याला पंजाबकडे पाठवलं. वाटेत ताफ्यावर बाँब पडले. त्याचा ट्रक जळालेला सापडला, तो सापडला नाही. सैन्यात नसल्यामुळे सैन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. 'बेपत्ता' एवढंच आम्हाला कळवलं गेलं, आणि पुढे काही नाही.

संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला की दादा मागच्या गल्लीतून सायकलवर यायचा. भोंगा ऐकून आई मागच्या दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे त्याला हाका माराव्या लागू नयेत. तो गेल्यावरही ती कडी काढत राहिली. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआऊट असायचा, काचांना काळा कागद. तेव्हाही ती अंधारात त्या उघड्या दाराशी बसायची. गल्लीतून कोणी ओरडायचं, "अम्माजी, दरवाज़ा बंद करो!" ती म्हणायची, "बत्ती नहीं है भैया, सिर्फ दरवाज़ा है."

बहात्तरच्या हिवाळ्यापर्यंत अण्णांची नजर जवळजवळ गेली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि नागपूरला एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. दोघांना इथं एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि बंद घर कोणीही बळकावलं असतं. घर विकायचं ठरलं आणि गिऱ्हाईक चांगलं मिळालं. गोहलपुरात वेल्डिंगचं वर्कशॉप असलेले बशीर भाई. ते मला एवढंच म्हणाले, "घर पसंद है दीदी. बस काग़ज़ साफ़ हों."

कागद साफ नव्हते. आम्ही भाऊराव वकिलांकडे गेलो. ते अण्णांच्या ओळखीचे, मूळचे अकोल्याचे.

"मालक रत्नाकर," ते म्हणाले. "विकायचं तर त्याची सही पाहिजे. नाहीतर त्याच्या वारसाची. लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे वारस त्याची आई, या वहिनी. एकट्या."

"अन् मी?" अण्णांनी विचारलं.

"आई पहिल्या वर्गात येते, रामराव. बाप दुसऱ्या. पहिल्यात कोणी असलं की दुसऱ्याला काही नाही."

"अहो, विटा मी वाहिल्या!"

"विटांचा कायद्यात उल्लेख नाही."

भाऊराव आईकडे वळले. "पण वहिनी, वारस केव्हा? मालक गेल्यावर. सात वर्षं उलटली आहेत. कोर्टातून तसा हुकूम घेऊ. तुम्हाला साक्ष द्यावी लागेल."

"काय म्हणून?"

भाऊराव समोरचे कागद सारखे करू लागले. आईला ते कळलं.

"अन् तो आला तर?" तिनं विचारलं.

"आला तर हुकूम गळून पडतो. माणूस समोर उभा असल्यावर कोर्ट काय करणार? मी माझी फी परत करीन." ते हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसली. "मी माझ्या तोंडानं लेकाला मेला म्हणू?"

"काहून स्वतःला जाळून राहिली?" अण्णा म्हणाले. "सगळ्या दुनियेला कळलं, तुलाच कळून नाही राहिलं."

"तुम्हाला तर पहिल्याच वर्षी कळलं होतं. श्राद्धाचा भटजी कोणी आणला होता?"

"गती मिळावी म्हणून आणला होता."

"घराला गिऱ्हाईक आणलं तेही गतीसाठीच का?"

अण्णा उठून भिंत चाचपत बाहेर गेले. आई मला म्हणाली, "शैलू, नागपूरचा पत्ता त्याला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच भाऊरावांकडे गेले आणि बेपत्ता माणसाबद्दलचं ते सात वर्षांचं कलम वाचायला मागितलं. मला कुठलीही गोष्ट मुळातून वाचायची सवय आहे. वाचल्यावर वाटलं, वाट सापडली. घरी येऊन मी आईला सांगितलं, "तो गेला असं तुला म्हणायचंच नाही आहे. तो असता तर ज्यांना साहजिकच खबर आली असती, त्यांना सात वर्षांत खबर आलेली नाही, एवढंच सांगायचं. पुढचं कोर्ट ठरवतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"ते खरं आहे," ती म्हणाली. "खरं सांगायला काय जातं."

साक्षीच्या दिवशी ती धुवट पांढरं नाही, हिरवं लुगडं नेसली. न्यायाधीश सौम्य होते.

"माताजी, आपके बेटे की कोई चिट्ठी आई?"

"नहीं जी."

"किसी के हाथ कोई संदेश?"

"नहीं."

"पहले बाहर जाता था तो ख़बर देता था?"

आईचा चेहरा उजळला. "देता था ना! इथं जवळ कटनीला गेला तरी कार्ड टाकायचा. मैं पोहोंच गया, जेवलो, काळजी करू नको. एकदा तर कार्ड आलं अन् मागून तोच आला, आम्ही इतके..." ती हसत होती. हसता हसता थांबली. कठड्यावरचा तिचा हात मी पाहत होते. तिनं बोटं एकेक करून मिटून घेतली.

"कटनीहूनही टाकायचा," ती पुन्हा म्हणाली, आता कोणालाच उद्देशून नाही.

"तो सात साल में कुछ नहीं?"

"नाही," ती मराठीत म्हणाली. "काही नाही आलं."

ते वाक्य मला सोपं वाटलं होतं, कारण त्यात मरण हा शब्द नव्हता. ज्याला कटनीहून राहवत नव्हतं तो सात वर्षं गप्प कसा राहील, हे सिद्ध करायला कायद्यानं आईलाच उभं केलं होतं, आणि तिनं ते सिद्ध केलं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. भाऊरावांनी बजावलं होतं, हुकूम यायला वेळ लागेल, पण आता अडचण नाही. मी ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

मग भोंगा झाला. मी तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. गल्लीतून सायकली जाऊ लागल्या, एकीमागून एक, घंटा वाजवत. तिनं डोळे मिटून घेतले.

आत खाट वाजली. अण्णा उठले होते. भिंतीवरून हात फिरवत ते स्वयंपाकघरापर्यंत गेले, तिथं पाट्याला ठेचकाळले, पुन्हा उभे राहिले. मागच्या दारावर त्यांची बोटं कडी शोधत बराच वेळ फिरली. आईनं इतकी वर्षं ती काढली होती. कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

"थोडी वर," आई डोळे न उघडता म्हणाली.

अण्णांनी कडी काढली आणि दार उघडून ते तिथंच उभे राहिले.