उलट्या बाजूने उघडलेला खंड

मित्रांनो, मी एक जुना, कोपरे झिजलेला चित्रकथेचा खंड आहे. माझी कथा जपानमध्ये चितारली गेली. एका शाळेतला पोहण्याचा तलाव महिनाभर कोरडा पडला आहे, पोहायला शिकवणाऱ्या बाई नाहीशा झाल्या आहेत, आणि तरीही रोज दुपारी तलावातून त्यांची शिट्टी ऐकू येते. असे माझे पहिले पान. शिट्टी कोण वाजवते ते शेवटच्या पानावर कळते. ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

मला आपल्या भाषेत आणले एका अनुवादिकेने. पात्रांच्या तोंडचे फुगे तिने स्वतःच्या अक्षरात भरले. फुगा इवलासा आणि वाक्य लांबलचक, अशी रोजची ओढाताण. तिची अकरा वर्षांची मुलगी पाठीमागून डोकावायची.

"आई, खून कोणी केला गं?"

"खून झालाय हे तुला कोणी सांगितलं? पळ इथून."

माझी शेवटची पाने तिने मुलगी शाळेत गेल्यावरच पुरी केली.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडते आणि त्यातली चित्रेही उजवीकडून डावीकडे जातात. चित्रकाराने सगळी भीती या दिशेवर बेतलेली होती. डाव्या पानाच्या तळाशी दाराची मूठ. पान उलटले की दार सताड उघडे. म्हणून आईने (मीही तिला आईच म्हणतो) दिशा बदलली नाही. 'उजवीकडून उघडा' ही सूचना वेष्टणावर छापायची होती. वेष्टणे वेळेवर आली नाहीत, आणि मी कोऱ्या पुठ्ठ्यातच एका समीक्षकांकडे रवाना झालो.

प्रकाशकांनी आईला बजावले होते, "या रविवारी त्यांनी लिहिलं तर पुढचे अकरा खंड काढू. नाहीतर हाच पहिला आणि हाच शेवटचा."

समीक्षक चाळीस वर्षे वर्तमानपत्रात रहस्यकथांवर लिहीत होते. त्यांनी मला हातात घेतले आणि सवयीने डावीकडून उघडले. खुनी समोर उभा! मी ओरडणार कसा? ते वाचतच राहिले. उत्तर आधी, प्रश्न नंतर. दार उघडे, मग त्याची मूठ. एकदा ते थबकले. मला वाटले, आता कळले. पण त्यांनी चष्मा पुसला आणि समासात पेन्सिलीने लिहिले, 'वा! काळ उलटा वाहतो.'

शनिवारी दुपारी चार वाजता त्यांनी आईला फोन केला.

"ताई, कमाल केलीत! पहिल्याच पानावर खुनी दाखवायला छाती लागते. माझा लेख त्याच्या नावानेच सुरू होतो. सहाला पान छपाईला जाईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हॅलो? ताई?"

"लेख पाठवू नका. मी येते."

ती गप्प बसू शकली असती. कौतुक आयते पदरात पडत होते, अकरा खंड पक्के होत होते. पण तो लेख छापला असता, तर माझ्यातले रहस्य उजाडायच्या आत मेले असते.

अर्ध्या तासात ती मुलीला घेऊन आली. तिने मला उलटे केले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "चूक माझी आहे. वर्षभर उजवीकडूनच वाचतेय, तुम्हाला सांगायचंच सुचलं नाही."

त्यांनी चार पाने पाहिली. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे मी घोड्यावर शेपटाकडे तोंड करून बसलो, आणि वर घोड्याचं कौतुक केलं." ते हसले नाहीत. "पण ताई, आता मला खुनी माहीत आहे. पान उलटताना काय होतं ते मी कुठून आणू? खोटं लिहिणार नाही मी."

"मग नका लिहू," आई म्हणाली.

"मला नाही माहीत खुनी," मुलगी म्हणाली. "आई सांगतच नाही."

दोघांनी तिच्याकडे पाहिले. घड्याळात पावणेपाच झाले होते.

ती वाचू लागली. समीक्षक वही घेऊन समोर बसले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, तिच्यावर होती. आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्यात शब्द नसलेली तीन चित्रे आहेत: कोरड्या फरश्या, पाणी जायची जाळी, एक ओले पाऊल. तिथे मुलीचा अंगठा घामाने माझ्या कागदाला चिकटला. साडेपाच वाजून गेले. दाराची मूठ आली.

"उलटू?" तिने विचारले.

"मला विचारू नकोस," समीक्षक कुजबुजले.

तिने पान उलटले. ती किंचाळली नाही. तिने फक्त खाली लोंबणारे दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले.

सहाला पाच कमी असताना समीक्षकांनी फोनवरून नवा लेख सांगितला. 'मी हे पुस्तक चुकीच्या बाजूने वाचले आणि त्यातली भीती कायमची गमावली. एका मुलीने ते माझ्यासमोर नीट वाचले आणि पाय वर घेतले. याहून जास्त सांगणे हा तुमच्यावर अन्याय होईल.' लोक त्यांना खूप हसले. 'पोरांच्या चित्रांवर केवढा गहिवर,' असेही कोणी लिहिले. पण अकराही खंड निघाले.

मुलीबरोबर मी घरी आलो, पण पुढे मला कोणी विचारेना. मी कितीतरी वर्षे खोक्यात पडून होतो, वाळवीची वाट पाहत. मोठ्या झालेल्या मुलीने मला बाहेर काढले ते आईच्या आजारपणात. ती पलंगाशी बसून मला मोठ्याने वाचायची. दुपारी चार पाने, कधी दोनच. शेवट दोघींना ठाऊक होता. तरी तिने एकही पान गाळले नाही. आता आई नाही. माझ्या प्रत्येक फुग्यात तिचे अक्षर आहे.

मित्रांनो, पुस्तक हातात घ्याल तेव्हा त्याचे तोंड कुठे आहे ते आधी पाहा. त्याचे कान मुडपू नका, त्याला ओल लागू देऊ नका. आणि शेजारी कोणी वाचत असेल, तर त्याचे पान त्यालाच उलटू द्या.