एक चहा थांबायचं

सकाळच्या बॅचच्या तापमानाची निळी रेघ ब्याऐंशी अंशांवर सपाट व्हायला हवी होती. ती शहाऐंशीपर्यंत चढून, ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा करून खाली आली होती. योगिनीने पट्टी लावून पुन्हा मोजलं. गेल्या आठवड्यात हाच उंचवटा दोन अंशांचा होता.

चाकणच्या कारखान्यात ब्रेकसाठी लागणारी राळ, म्हणजे रेझिन, शिजवत, आणि योगिनी तिथे प्रयोगशाळा सांभाळायची. तीन आठवडे ती वहीत एकच शब्द लिहीत होती, 'निरीक्षणाखाली'. थांबवा म्हणायचं रोज ओठांवर यायचं आणि रोज परत जायचं. कारण बॅच अर्धा तास लवकर उतरत होती, आणि प्लँट मॅनेजर दिग्विजय सर खूश होते.

"मॅडम, रिॲक्शन लवकर होतेय तर तुम्हाला त्रास काय?" ते हसून म्हणाले होते. "तुम्ही म्हणजे लग्न पटकन जमलं तरी पत्रिका परत तपासायला काढाल! आज दुपारपासून अर्ध्याऐवजी भांडं पूर्ण भरतोय आपण."

म्हणून आज सकाळी तिने दर पाच मिनिटांनी नमुना काढला, रिॲक्शन जागच्या जागी थांबावी म्हणून लगेच बर्फात बुडवला, आणि प्रत्येकात किती फॉर्मल्डिहाइड उरलंय ते मोजलं. ठिपके मांडले, रेघ ओढली, चढ काढला. जानेवारीत दर मिनिटाला ०.४ टक्के संपत होतं. आज एक टक्का. अडीच पट.

तिने घड्याळ तपासलं, मोजणीची काचनळी, ब्युरेट, तपासली. आकडा हलला नाही.

दुपारी शेडमध्ये सोनबाकाका पूर्ण भरलेल्या रिॲक्टरच्या पायरीवर निवांत बसले होते. बारा वर्षं याच भांड्यावर. पायाशी रिॲक्शनला वेग देणाऱ्या कॅटलिस्टचा एक रिकामा कॅन, एक भरलेला.

"काका, पहिला कॅन कधी टाकला?"

"ह्यो काय, आत्ताच."

"आणि दुसरा?"

"एक च्या झाला की." त्यांनी हातातला कागदी कप दाखवला. "माज्या आदीच्या चिमाजी मिस्त्रीनं शिकवलंय, पयला कॅन, मग एक च्या थांबायचं, मग दुसरा. आमी कदी चुकलो न्हाई, ताई."

भिंतीवर तिनेच टाइप केलेला कागद होता. त्यात दोन कॅनमध्ये तीस मिनिटांचं अंतर लिहिलं होतं, इंग्रजीत. तो इथे कोण वाचतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"चहाला कुठे जाता?"

"आदी गेटाभायेर जायाचो, टपरीवर. जायाचं, यायाचं, मदी दोन गप्पा. आता कशाला? तीन हप्ते झालं की मशीन बसवून. बटन दाबलं की च्या. घेता का? गुळमाट हाय, पन गरम हाय."

भांड्यामागे पांढरं मशीन हिरवा दिवा लावून उभं होतं. योगिनीने ते रोज पाहिलं होतं. अर्ध्या तासाचा चहा चार मिनिटांचा झाला होता. पहिल्या कॅनची उष्णता निघायच्या आत दुसरा पडत होता, गेले तीन आठवडे, रोज दोन वेळा, आणि हा माणूस त्याच भांड्याला टेकून चहा पीत होता.

तिने हातातल्याच कागदावर हिशेब केला. अर्ध्या भांड्याला थंड ठेवणारं पाणी भरलेल्या भांड्याला पुरणार नव्हतं. रेघ शहाऐंशीवर थांबणार नव्हती. ती खाली येणारच नव्हती; भांडं फुटलं असतं.

सोनबाकाकांनी कप चुरगळला. "झाला च्या," म्हणत त्यांनी भरलेल्या कॅनला हात घातला.

योगिनीने झाकणावर तळवा दाबून धरला.

"ताई? काय झालं वो? तोंड पांढरं पडलंय तुमचं."

दुसऱ्या हाताने तिने फोन लावला.

"बोला मॅडम," दिग्विजय सर म्हणाले. "गाडी गेटवर उभी आहे हं, कधी उतरतेय बॅच?"

"उतरणार नाही," योगिनी म्हणाली. तिने प्रत्येक शब्द वेगळा उच्चारला. "दुसरा कॅन पडणार नाही, सर. रिॲक्टर मी बंद करतेय. आत्ता."