झेपेल तेवढं

बँकेतून बाहेर पडताना लिफ्ट मेकॅनिकचे पाय जमिनीवर नव्हते. कर्ज अधिकाऱ्याने त्याचा आणि त्याच्या बायकोचा पगार एकत्र केला, त्यातला जवळजवळ निम्मा हप्त्यात जाईल असं धरलं आणि किती कर्ज मिळेल ते सांगितलं. तेवढ्यात तीन खोल्यांचा एक फ्लॅट बसत होता. आधीच्या मालकांचे हप्ते थकल्यामुळे बँकेने तो ताब्यात घेतला होता, म्हणून स्वस्तही होता.

बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला दिवस गेले होते. बाळ झालं की आपला पगार काही महिने थांबेल, शिवाय व्याजही वाढू शकतं, असं तिचं म्हणणं. एकाच्या पगारात बसेल तोच हप्ता आपला. अंथरूण पाहून पाय पसरलेले बरे.

"अंथरूण घालायला जागा तरी हवी ना," तो म्हणाला. त्यांच्या भाड्याच्या खोलीत कपाट उघडायचं तर आधी खाट सरकवावी लागे. तिलाही हसू आलं. बघायला काय जातंय, असं म्हणून दोघं दुपारीच बँकेकडून किल्ली घेऊन गेले.

घर नजरेत भरण्यासारखं होतं. वीज तोडलेली होती, तरी खोल्यांमध्ये भरपूर उजेड होता. पाळणा कुठे ठेवायचा ते तिने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. खर्र... थांबून पुन्हा खर्र.

त्याचा जन्म मोटरींचे आवाज ऐकण्यात गेला होता. तो हळूच म्हणाला, ही मोटर नाही, कोणीतरी हाताने फिरवतंय. बायकोने त्याची बाही घट्ट धरली. त्याने दार ढकललं.

खिडकीशी, फरशीवर, एक बाई हातमशीनवर पडदा शिवत बसली होती. केस नीट विंचरलेले, शेजारी पाण्याची बाटली. ती दचकली नाही. बँकेकडून आलात का, एवढंच तिने विचारलं. दोघं घर बघायला आलेत हे कळल्यावर तिने कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली, जणू पाहुणेच आले होते.

दुसरी किल्ली तिच्याकडेच राहून गेली होती. आता राहते त्या खोलीला खिडकी नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून दुपारची इथे येते, म्हणाली. मग न विचारताच तिने बाकीचं सांगितलं. नवरा-बायको दोघं कमावते होते. बँक देत होती तेवढं सगळं कर्ज त्यांनी घेतलं. कधी उधळपट्टी केली नाही. नवऱ्याची पाठ गेली, काम सुटलं आणि एका पगारावर हप्ता काही ओढवेना. घर गेलं आणि वर्ष फिरायच्या आत नवराही गेला.

"घर चांगलं आहे हो," ती म्हणाली. "घराचा काही दोष नाही." मग लॅबवालीच्या पोटाकडे बघून म्हणाली, "राहायला येणार असाल तर आधी सांगा. मी मशीन उचलून नेईन."

जिना उतरताना किल्लीचं बँकेला कळवायला हवं, असं तो पुटपुटला. बायको म्हणाली, "कळवायचं नाही."

घरी आल्यावर त्याने स्वतःच हिशोब मांडला, फक्त आपल्या पगारावर. त्यातून घरखर्च, दवाखाना आणि अडीअडचणीला थोडी शिल्लक काढली. उरलं त्यात गावाच्या पार टोकाला दोन लहान खोल्या येत होत्या. त्याने तेच आकडे पुन्हा एकदा मांडून पाहिले. मग म्हणाला, "हेच झेपेल."

दलालामार्फत त्यांनी त्या खोल्या घेतल्या. मुलगी झाली, बायकोचा पगार थांबला, पण हप्ता एकदाही चुकला नाही. मोठा फ्लॅट एका नवविवाहित जोडप्याने घेतल्याचं कळलं, तेव्हा दोघांनी विषय बदलला. त्या बाईचं पुढे काय झालं ते विचारायचं धाडस कोणालाच झालं नाही.

एके दिवशी पोरीला मांडीवर थोपटता थोपटता लॅबवाली एकाएकी थांबली.

"आपल्याआधी इथे कोण राहत होतं रे?"

त्याला माहीत नव्हतं. दलालानेच सगळे कागद केले होते. मूळ मालक समोर आलाच नव्हता. घर चांगलं आणि भाव रास्त, म्हणून त्यानेही विचारलं नव्हतं. ते त्याने सांगितलं. "म्हणजे ते कोणीही असू शकतं," ती म्हणाली. त्या दिवसापासून मात्र दारावर कोणीही आलं, अगदी पत्ता चुकलेलं माणूस असलं, तरी ती त्याला आत बोलावून पाणी दिल्याशिवाय जाऊ देत नाही.